लग्नातली भांडी आणि घराचा अर्धा वाटा

महाराष्ट्रातल्या बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलं की जेवण, बोली, देव फारसे बदलत नाहीत. नवरा-बायको वेगळे झाले तर होणारा हिशेब मात्र पार बदलतो.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नासोबत दोघांची मालमत्ता सामाईक होते. तिची माहेरची, त्याची वडिलोपार्जित, पुढे कमावलेली, सगळीच. घटस्फोटाच्या वेळी वाटणीची सुरुवात निम्म्या-निम्म्यापासून होते. याचं मूळ 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे, जी गोव्यात 1870 साली लागू झाली. तेव्हा त्यात घटस्फोट नव्हता. पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि 1910 साली प्रजासत्ताकाने तो आणला. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, पण 1962 च्या केंद्रीय कायद्याने जुने कायदे चालूच ठेवले.

या संहितेत कर्जाचाही विचार होता. दोघांनी मिळून काढलेलं कर्ज सामाईक. नवऱ्याने बायकोला न विचारता, संसाराच्या कामाचं नसलेलं कर्ज काढलं, तर ते त्याच्या निम्म्यातून फिटायचं. घर-जमीन विकायलाही तिची संमती लागे. तरी कारभार नवऱ्याच्याच हाती ठेवला होता, त्यामुळे कागदावरचा अर्धा वाटा हातात पडेलच असं नसे. हे सांगितल्याशिवाय गोव्याचं कौतुक करणं मला पटत नाही.

नाक्याच्या अलीकडे अनेक जातींत काडीमोड चालत असे. सरसकट हिंदूंसाठी मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा 1947 साली आला, देशभर 1955 साली. त्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 27 मालमत्तेबद्दल बोलतं ते एवढंच: लग्नात किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तू. म्हणजे भांडी, कपाट, पलंग. बाकी सगळं ज्याच्या नावावर त्याचं. स्त्रीधन तिचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात ठासून सांगितलं. कलम 25 खाली पोटगी मिळते, पण पोटगी मागावी लागते. वाटा हा हक्क असतो.

एक नेहमीचं घर घ्या. फ्लॅटचा हप्ता त्याच्या पगारातून जातो. किराणा, मुलांची फी, सासूची औषधं तिच्या पगारातून. पंधरा वर्षांनी त्याच्याकडे बँकेचा उतारा असतो. तिच्याकडे काय? वाण्याच्या पावत्या कुणी जपून ठेवत नाही. आणि कर्जावर तिची सही असेल, तर घटस्फोटाच्या हुकुमाने बँक तिला मोकळी करत नाही.

हे अंतर कुणालाच दिसलं नाही असं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांनी आपणहून सातबारावर बायकोचं नाव लावलं. कोर्टाची पायरी चढायच्या आधीच वाटा लिहून देणारी अशी दुसरी चळवळ मला माहीत नाही. संसदेतही प्रयत्न झाला. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देणारं विधेयक 2010 साली मांडलं गेलं आणि 2013 मध्ये राज्यसभेने ते मंजूर केलं. लोकसभेत ते पडून राहिलं, आणि 2014 मध्ये सभागृह विसर्जित झालं तेव्हा रद्द झालं.