प्रोसेसर-वापर, अवाजवी

घरगुती संगणकावर विशेष काम चालू नसताना प्रोसेसर सतत गुंतलेला दिसणे. पंख्याची घरघर, अडखळणारा माउस, ‘हँग’ ही लक्षणे परिचित आहेत.

संज्ञा : बोलीभाषेत ‘सीपीयू’ म्हणजे टेबलाखालचा अख्खा डबा, पाठ्यपुस्तकातले ‘मध्यवर्ती प्रक्रिया एकक’ म्हणजे मदरबोर्डवरची एक चिप. ‘सीपीयू शंभरावर गेलाय’ आणि ‘मग सीपीयू घेऊन या’ ही वाक्ये सोलापुरातल्या दुरुस्तीच्या दुकानात पाठोपाठ ऐकू येतात आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. येथे चिपसाठी ‘प्रोसेसर’ हा शब्द योजला आहे.

मोजमाप : प्रोसेसरचा एक कोर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे केंद्र) एका क्षणी एकतर कामात असतो किंवा रिकामा, अर्धवट गुंतलेला नसतो. ४० टक्के याचा अर्थ, पाहिलेल्या एका सेकंदातला ०.४ सेकंद कामात गेला. विंडोजमध्ये ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’पुढे ९८ दिसले की पुष्कळजण दचकतात, पण ती रिकाम्या वेळेची नोंद आहे. साधनागणिक आकडाही बदलतो. चार कोरच्या यंत्रावर (प्रत्येक कोर एका वेळी कामाचा एकच धागा, म्हणजे ‘थ्रेड’, चालवतो असे धरल्यास) एखादा प्रोग्रॅम एका कोरवर अडकून फिरत राहिला, तर विंडोजचा टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारे साधन) त्याच्यापुढे २५ दाखवतो, लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीची ‘टॉप’ ही आज्ञा १००, कारण पहिला सगळे कोर मिळून मोजतो, दुसरी एका कोरच्या हिशेबाने.

विंडोज ८ पासून (२०१२) गुंतागुंत वाढली. टास्क मॅनेजरच्या ‘प्रोसेसेस’ पानावरचा आकडा नुसता वेळेचा राहिला नाही. त्याला प्रोसेसरच्या त्या घडीच्या वेगाने गुणले जाऊ लागले, ‘डिटेल्स’ पानावर मात्र जुनीच पद्धत राहिली. त्यामुळे तापून वेग उतरलेला प्रोसेसर पुरता अडकलेला असूनही पहिल्या पानावर ६०-७० टक्क्यांवर थबकलेला दिसे. विंडोज ११ मध्ये २०२५ साली सर्व पानांवर वेळेचे माप परत आणले गेले. दुरुस्तीच्या दृष्टीने तेच सोयीचे.

लिनक्समधील ‘लोड ॲव्हरेज’ हे वेगळे माप, म्हणजे चालू असलेल्या आणि प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या कामांची सरासरी संख्या. टेनेक्स या जुन्या कार्यप्रणालीवरील जुलै १९७३ चे असे आकडे आरएफसी ५४६ या संगणक-जाळ्याविषयीच्या तांत्रिक टिपणात छापले आहेत. तेव्हा कल्पना निदान तितकी जुनी मानावी. १९९३ मधील एका बदलाने लिनक्सने त्यात डिस्कची वाट पाहणारी कामेही धरली. काहीजण याला दोष मानतात. इतरांच्या मते प्रोसेसरवरचा नव्हे तर साऱ्या यंत्रावरचा ताण मोजणे हाच हेतू होता. त्या बदलासोबतचे स्पष्टीकरण पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. व्यवहारात एवढे लक्षात ठेवावे, की लोड वाढला म्हणजे प्रोसेसर अडकलाच असे नाही.

कारणे : कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि ‘सीपीयू’ स्तंभावर क्लिक केले की दोषी प्रोसेस वर येते. बहुधा ती अपडेट, फाइलींचे इंडेक्सिंग (शोधासाठी सूची करणे) किंवा ‘अँटिमॅलवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ (विंडोजचा स्वतःचा व्हायरस-तपासनीस) निघते. ही कामे आपोआप संपतात. ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ (उपकरणांनी प्रोसेसरला घातलेल्या हाका) सतत वर राहिल्यास ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) किंवा जोडलेले उपकरण तपासावे. ‘क्रॅक’ केलेल्या सॉफ्टवेअरमागून आलेले चोरटे नाणे-खाणकाम, म्हणजे मालकाच्या नकळत त्याच्या संगणकावर दुसऱ्यासाठी आभासी चलन काढणे, हे वेगळे. मोनेरोसारखी नाणी साध्या प्रोसेसरवर काढता येत असल्याने घरचे संगणक त्याला बळी पडतात, आणि त्यातले काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडताच गप्प बसतात.

स्थानिक घटक : सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जाणे नेहमीचे. हवेने थंड होणारी चिप खोलीच्या तापमानावर काही ठरावीक अंश चढते. खोली २५ ऐवजी ४० अंशांवर असली, तर चिपही सुमारे १५ अंशांनी अधिक तापते. साधारण १०० अंशांच्या आसपास ती स्वतःच वेग उतरवते, त्याच कामाला जास्त वेळ लागतो आणि वेळेच्या मापातली वापराची टक्केवारी चढते. शहराच्या पूर्व भागात, जिथे घर आणि यंत्रमाग एकाच भिंतीचे, तिथे सुताचे तंतूही भर घालतात. पंखा काढला की हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर करड्या नमद्यासारखा थर सापडतो आणि चिमटीत धरून ओढला तर अखंड निघतो. चादरीच्या नक्षीसाठी जॅकार्डवर (मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) चढणारी छिद्रांची कार्डे संगणकाच्या पूर्वजांत मोजली जातात. त्याच मागांचे सूत आता त्याच्या पंख्यात अडकते, हा योगायोग नोंदण्याजोगा.

उपाय : यंत्र बंद करून, वायर काढून, पंख्याचे पाते बोटाने अडवून मगच ब्लोअर मारावा, मोकळे सोडल्यास ते भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. चिप आणि हीटसिंक यांमधली उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट वाळलेली असल्यास पुसून नवी लावावी. ‘फॉरमॅट मारणे’ हा सर्वाधिक सुचवला जाणारा इलाज चोरट्या प्रोग्रॅमवर बहुधा चालतो, तंतूंवर नाही. शिवाय त्यानंतर पहिले काही तास वापर पुन्हा चढलेलाच दिसतो, कारण इंडेक्सिंग आणि अपडेट मुळापासून सुरू झालेले असतात.