ड्रेड (२०१२चा चित्रपट)

२०१२ साली आलेला इंग्रजी डिस्टोपियन (भयाण भविष्यकाळात घडणारा) ॲक्शन सिनेमा, लांबी साधारण ९५ मिनिटं. '२००० एडी' या ब्रिटिश कॉमिक साप्ताहिकातल्या जज ड्रेड या पात्रावर बेतलेला आहे. दिग्दर्शक म्हणून नाव पीट ट्रॅव्हिसचं लागतं, पटकथा ॲलेक्स गार्लंडची, आणि मुख्य भूमिका कार्ल अर्बन, ऑलिव्हिया थर्लबी, लीना हेडी, वुड हॅरिस, डॉम्नल ग्लीसन यांच्या. ब्रिटनमध्ये ७ सप्टेंबर २०१२ला आणि अमेरिकेत २१ सप्टेंबरला रिलीज झाला, थिएटरमध्ये पडला, आणि नंतर डीव्हीडी-ब्लू-रे डिस्कवर आणि ऑनलाइन बघणाऱ्यांनी तो असा काही उचलून धरला की आज या शतकातल्या कल्ट ॲक्शन सिनेमांचा विषय निघाला की त्याचं नाव येतंच.

गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिका किरणोत्सर्गाने उजाड झालीय, बॉस्टनपासून वॉशिंग्टन डीसीपर्यंत मेगा-सिटी वन नावाचं एकच अवाढव्य शहर पसरलंय, लोकसंख्या ८० कोटी. पोलीस, न्यायाधीश आणि फाशी देणारा ही तिन्ही कामं 'जज' नावाचा एकच माणूस जागच्या जागी करतो. ड्रेड एका नवशिक्या, मन वाचू शकणाऱ्या अँडरसनला परीक्षेसाठी सोबत घेऊन पीच ट्रीज नावाच्या २०० मजली इमारतीत शिरतो आणि तिथली ड्रग टोळीची म्होरकी मा-मा सगळी इमारत बंद करून दोघांना मारायचा हुकूम सोडते. बस, एवढंच. जग वाचवायचं नाहीये, कट उलगडायचा नाहीये, दोघांचा एक वाईट दिवस आहे.

पात्राच्या जन्माबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण बऱ्याच ठिकाणी ते एका वाक्यात उरकलेलं असतं. जज ड्रेड पहिल्यांदा छापून आला तो '२००० एडी'च्या दुसऱ्या अंकात, अंकावरची तारीख ५ मार्च १९७७. निर्माते म्हणून लेखक जॉन वॅग्नर आणि स्पॅनिश चित्रकार कार्लोस एझ्केरा यांची नावं दिली जातात आणि सिनेमातही तसंच श्रेय आहे. पण साप्ताहिकाची मूळ आखणी पॅट मिल्सची, आणि 'जज ड्रेड' हे नाव आधी मिल्सने एका वेगळ्याच भयकथेसाठी सुचवलेलं होतं, ती बारगळली आणि नाव वॅग्नरच्या कडक पोलिसाला चिकटलं. Dread ऐवजी Dredd हे आजचं स्पेलिंग उपसंपादक केल्विन गोस्नेलने केलं असं सांगतात. गंमत म्हणजे पहिली छापून आलेली गोष्ट वॅग्नरने लिहिलेली नव्हती आणि एझ्केराने काढलेलीही नव्हती, ती पीटर हॅरिसची आणि चित्रं माइक मॅकमहॉनची. मालकी हक्काच्या वादात वॅग्नर काही काळ बाजूला झाला होता आणि आपण घडवलेलं पात्र दुसऱ्याच्या हातून आधी छापलं गेलं म्हणून एझ्केरा नाराज होऊन निघून गेला. तरी पात्राचा चेहरा, म्हणजे खरं तर चेहरा नसणं, हेल्मेट, खांद्यावरचा गरुड हे सगळं एझ्केराचंच. त्याचं बालपण फ्रँकोच्या स्पेनमध्ये गेलं होतं आणि तिथल्या गणवेशांची छाया ड्रेडच्या पोशाखात आहे हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. शहराचा अवाढव्यपणासुद्धा त्याच्या चित्रांतून आला, ती इतकी पुढच्या काळातली दिसत होती की कथेचा काळच पुढे ढकलावा लागला. त्यामुळे तिघांचंही श्रेय मानावं लागतं, पण सिनेमापुरतं बोलायचं तर एझ्केराचं पारडं जड वाटतं.

याआधी १९९५ साली सिल्वेस्टर स्टॅलोनला घेऊन डॅनी कॅननने 'जज ड्रेड' केला होता. त्यात नायक हेल्मेट काढतो, आणि कॉमिकच्या वाचकांना ते कधीच पचलं नाही. २०१२च्या सिनेमात अर्बनचा पूर्ण चेहरा एकदाही दिसत नाही, अख्खा अभिनय हनुवटी, ओठ आणि आवाज यांवर उभा आहे, आणि स्टारने चेहरा झाकून अख्खा सिनेमा करणं ही व्यावसायिक सिनेमात साधी गोष्ट नाही. यासाठी अर्बनचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

निर्मिती डीएनए फिल्म्सची, पैशात आयएम ग्लोबल आणि भारतातल्या रिलायन्सचाही वाटा. बजेटचे आकडे ३ ते ४.५ कोटी डॉलर असे वेगवेगळे दिले जातात. शूटिंग नोव्हेंबर २०१०मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झालं, केपटाउनच्या स्टुडिओत आणि जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर. शहराची लांबवरची दृश्यं जोहान्सबर्गच्या खऱ्या शहरावर इमारती चढवून बनवलीत, म्हणूनच ते शहर चकचकीत भविष्यातलं न वाटता धुळकट, उन्हाने भाजलेलं, वापरात असलेलं वाटतं. व्हिज्युअल इफेक्ट्सचं बरंचसं काम मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसच्या लंडन शाखेने केलं.

आता मोठा वाद, दिग्दर्शक नेमका कोण. ऑक्टोबर २०११मध्ये लॉस एंजेलिस टाइम्समध्ये बातमी आली की ट्रॅव्हिसला एडिटिंगमधून बाजूला केलंय, एडिटिंग गार्लंड बघतोय आणि तो सहदिग्दर्शक म्हणून श्रेयही मागू शकतो. लगेच दोघांनी मिळून निवेदन काढलं की आमचं काम कसं वाटून घ्यायचं हे सुरुवातीपासूनच नेहमीपेक्षा वेगळं ठरलेलं होतं आणि गार्लंडला सहदिग्दर्शकाचं श्रेय नकोय. विषय तिथे मिटल्यासारखा झाला. मग २०१८मध्ये कार्ल अर्बनने एका मुलाखतीत सरळ सांगितलं की हा सिनेमा प्रत्यक्षात गार्लंडनेच दिग्दर्शित केलाय, तो त्याच्या दिग्दर्शनाच्या यादीतला पहिला धरायला हवा. तेव्हापासून चाहत्यांमध्ये आणि बऱ्याच समीक्षकांमध्ये हेच मत रूढ झालं. ट्रॅव्हिसने नंतर याबद्दल फारसं काही बोललेलं आढळत नाही.

सिनेमातला पुरावा काय सांगतो? गार्लंडचं अधिकृत पहिलं दिग्दर्शन म्हणजे 'एक्स माकिना', तोही एकाच बंद जागेत, मोजक्याच माणसांत घडतो, आणि त्यातही ग्लीसन आहे. संगीताचा धागाही आहे, ड्रेडसाठी आधी जेफ बॅरो आणि बेन सॅलिसबरी यांनी काम केलं होतं, ते सिनेमात आलं नाही, 'ड्रॉक' या अल्बममधून वेगळं बाहेर पडलं, आणि पुढे हीच जोडी गार्लंडच्या बहुतेक सिनेमांची संगीतकार झाली. पण यातलं बरंचसं साम्य पटकथेतूनही येऊ शकतं आणि पटकथा तर निर्विवाद गार्लंडचीच आहे, शिवाय तो निर्मात्यांपैकीही एक होता, म्हणून नुसत्या साम्यावरून सेटवर 'ॲक्शन' कोण म्हणत होतं हे ठरत नाही. अर्बन मात्र रोज सेटवर होता, त्याच्या शब्दाला वजन द्यावंच लागतं. एकूण पाहता सिनेमाची घडण गार्लंडची असं मानणं जास्त सयुक्तिक दिसतं, पण ट्रॅव्हिसचं नाव पुसून टाकण्याइतका आधार त्यात नाही.

दृश्यभाषेत सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे 'स्लो-मो' हे ड्रग, ते घेतलं की मेंदूला काळ नेहमीच्या १ टक्का वेगाने जाताना भासतो. छायाचित्रणकार अँथनी डॉड मँटल, ज्याला 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी ऑस्कर मिळालं होतं, त्याने यासाठी फँटम फ्लेक्स हा हाय-स्पीड कॅमेरा वापरला जो सेकंदाला हजारो फ्रेम टिपतो, बाकी शूटिंग मुख्यतः रेड आणि एसआय-टूके कॅमेऱ्यांवर, आणि थ्रीडी नंतर चढवलेलं नाही, बहुतांश मुळातच थ्रीडीत शूट केलेलं. इतक्या वेगाने फ्रेम टिपायच्या तर प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळायचा वेळ अगदीच कमी, म्हणून दिवे प्रचंड लागतात, आणि त्या लखलखाटातच रंग भडक करून, चमचमाट वाढवून ती नशा पडद्यावर आणलीय. बाथटबमध्ये मा-मा हात हलवते आणि पाण्याचे थेंब हवेत तरंगतात, गालातून गोळी आरपार जाते आणि मांस लाटेसारखं हलतं, दोन्ही एकाच नजरेने दाखवलंय, आणि बघणाऱ्याला सुंदर म्हणावं की किळस करावी तेच कळत नाही. स्लो मोशन इतर ॲक्शन सिनेमांत नायकाला देखणं करायला वापरतात, इथे ते गुन्हेगारांच्या डोळ्यांतून येतं आणि कथेतल्या शिक्षेचाही भाग होतं कारण मा-मा माणसांना हे ड्रग देऊनच वरून खाली फेकते, आणि शेवटी तिचंही तेच होतं. ही या सिनेमाची खरी कमाई आहे. पार्श्वसंगीत पॉल लिओनार्ड-मॉर्गनचं, स्लो-मो दृश्यांचं संगीत करताना जस्टिन बीबरच्या गाण्याची ८०० टक्के संथ केलेली आवृत्ती डोळ्यांसमोर होती.

इंडोनेशियातला गॅरेथ इव्हान्सचा 'द रेड' जवळजवळ त्याच कथानकाचा, पोलीस इमारतीत अडकतात आणि मजल्यामागून मजला लढत वर जातात. तो सप्टेंबर २०११मध्ये टोरंटोच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि ड्रेडच्या आधी लोकांसमोर आला, म्हणून ड्रेडवर नकलेचा शिक्का बसला. तारखा बघितल्या तर तो टिकत नाही, ड्रेडचं शूटिंग त्या आधीच नोव्हेंबर २०१०मध्ये सुरू झालं होतं आणि पटकथा अर्थातच त्याच्याही आधीची. उलट्या दिशेने प्रभाव गेला असंही म्हणायला आधार नाही. बंद इमारतीतली लढाई हा ढाचा दोघांच्याही कितीतरी आधीपासून चालत आलेला आहे.

समीक्षकांचा प्रतिसाद चांगला होता, भारावलेला नाही पण चांगला. जुलै २०१२मध्ये सॅन दिएगो कॉमिक-कॉन या कॉमिक चाहत्यांच्या मेळाव्यात दाखवला तेव्हाच जोरात स्वागत झालं होतं. परीक्षणं गोळा करणाऱ्या साइट्सपैकी रॉटन टोमॅटोजवर सुमारे ८० टक्के परीक्षणं अनुकूल, मेटाक्रिटिकवर १००पैकी गुण ६०च्या आसपास, म्हणजे आवडला बहुतेकांना, पण डोक्यावर थोड्यांनीच घेतला. स्तुती झाली ती अर्बनची, दृश्यांची, आणि गोष्ट आटोपशीर ठेवल्याची. तक्रारी दोन. एक, हिंसा फार, ब्रिटनमध्ये त्याला १८चं, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र मिळालं होतं. दुसरी जास्त गंभीर, कॉमिकमधला उपहास गेला, मूळ ड्रेड हे हुकूमशाहीचं विडंबन होतं आणि इथे तो सरळ नायक झालाय. ही टीका अर्धीच पटते. विनोद कमी झालाय हे खरं, पण अँडरसन मात्र प्रत्येक शिक्षेपाशी अडखळते, मारलेल्या माणसाच्या बायकोसमोर उभी राहते, चार जज पैसे घेऊन फितूर होतात, आणि इतक्या रक्तपातानंतर शहरात काडीचाही फरक पडत नाही. व्यवस्थेवरचा प्रश्न आहे, फक्त तो हसवत विचारलेला नाही.

कमाई सांगायची तर ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात पहिला नंबर, पण अमेरिकेत पहिल्या वीकेंडला ६३ लाख डॉलरच्या आसपास, एकूण तिथे सुमारे १ कोटी ३४ लाख आणि जगभरात ४ कोटी १० लाख डॉलरच्या घरात. कारणं निरनिराळी देतात, स्टॅलोनच्या सिनेमाची आठवण, थ्रीडीवरच भर देणारी जाहिरात, प्रौढांपुरतं प्रमाणपत्र; यातली पहिली दोन जास्त पटण्यासारखी. दुसऱ्या भागासाठी उत्तर अमेरिकेत ५ कोटी डॉलरच्या वर कमाई व्हायला हवी असं निर्माते म्हणाले होते, तिथेच तो विषय संपला. गार्लंडच्या डोक्यात तीन भाग होते, तिसऱ्यात जज डेथ हे कॉमिकमधलं पात्र येणार होतं.

जानेवारी २०१३मध्ये डिस्क आणि डिजिटलवर आल्यावर मात्र अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे विक्रीच्या यादीत वर गेला. दुसऱ्या भागासाठी ऑनलाइन याचिका सुरू झाली, '२००० एडी'ने तिला पाठिंबा दिला, आणि १८ सप्टेंबर २०१३ला चाहत्यांनी एकाच दिवशी डिस्क विकत घ्यायची मोहीम चालवली. त्याच वर्षी आर्थर वायट आणि हेन्री फ्लिंट यांनी सिनेमाची पुढची गोष्ट 'अंडरबेली' या नावाने कॉमिकमध्ये केली. हक्क असलेल्या रिबेलियनने मे २०१७मध्ये 'मेगा-सिटी वन' नावाची टीव्ही मालिका जाहीर केली, अर्बननेही रस दाखवला होता, पण ती पडद्यावर आली नाही.