पार्श्वभूमी: लिंकिन पार्कचं परत येणं आणि ‘कमबॅक सिंगल’ या शब्दाचा घोळ

६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार, हरतालिका. मुंबईत पहाटेचे साडेतीन वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी गणपती, त्यामुळे आमच्या मंडपात पुठ्ठ्याच्या खांबांना सोनेरी रंग देणं चालू होतं. तिकडे लॉस एंजेलिसला अजून ५ तारखेची दुपार होती. आम्ही चौघं-पाच जण एका मोबाईलभोवती, फोन शिडीच्या पायरीवर टेकवलेला, लिंकिन पार्क, तो अमेरिकन रॉक बँड ज्याचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ ला गेला, त्यांचं लाइव्ह चालू झालं आणि पहिलंच गाणं नवीन, ‘द एम्प्टिनेस मशीन’. रॅप करणारा जो आहे, माइक शिनोडा, त्याने पहिलं कडवं गायलं, रॅप नाही, सरळ गायलं, मग ध्रुवपद पण त्यानेच घेतलं, आणि आपल्याला वाटायला लागलं की अच्छा, म्हणजे आता हाच गाणार तर. आणि मग दुसऱ्या कडव्याला एक बाई येते, एमिली आर्मस्ट्राँग, आणि तिचा आवाज. आमच्यातल्या एकाने ब्रश डब्यात ठेवून दिला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. दुसरा म्हणाला गप, कोणी बोलू नका, ऐका. सकाळी आरास पूर्ण झाली तोपर्यंत ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या होत्या आणि त्या आजपर्यंत आहेत.

हे फक्त आमच्याकडेच नाही झालं, जगभर झालं. पण त्याबद्दल जे बोललं जातं त्यात सरळ दोन भाग पाडतात, गाणं आवडलेले आणि न आवडलेले, आणि तिथेच गडबड होते. कारण न आवडलेल्यांतल्या कितीतरी जणांना गाणं चांगलंच वाटलं होतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं, आणि ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला लागतं.

मुंबईपुरतं सांगायचं तर हा बँड आपल्याकडे २००१ ते २००४ च्या मधे घुसला. पहिला अल्बम ऑक्टोबर २००० चा, दुसरा मार्च २००३ चा. काळा घोड्याच्या त्या मोठ्या म्युझिकच्या दुकानात (ते २०१६ ला बंद झालं) हेडफोन लावून ऐकायचं आणि कॅसेट घ्यायला परत पुढच्या महिन्यात यायचं, असे दिवस होते. मेटल ऐकणारी पोरं आधी पण होती, धोबी तलावच्या रंगभवनला जाणारी, पण तो एक वेगळा वर्ग होता, त्यांचे केस वेगळे, त्यांचं इंग्लिश वेगळं. आणि नेमकं आमची पिढी कॉलेजला पोचली तेव्हा रंगभवनचे मोठ्या आवाजाचे कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून बंद पडले. लिंकिन पार्क मात्र थेट डोंबिवली, लालबाग, मुलुंडच्या मराठी मिडियमच्या पोरांपर्यंत आलं, आणि त्याचं कारण मला अजून पण पक्कं वाटतं, शब्द ऐकू यायचे. सोपं इंग्लिश, स्पष्ट उच्चार, आणि विषय काय, तर घरात माझं कोणी ऐकत नाही, माझ्याकडून सगळ्यांच्या अपेक्षा, मी कितीही केलं तरी कमीच. दहावीच्या वर्षाला असलेल्या पोराला अजून काय पाहिजे. कॅसेटच्या आतला घडीचा कागद उलगडून आम्ही गाणी पाठ केली, माझ्या कागदाच्या घड्या फाटल्या तेव्हा मागून सेलोटेप लावली होती, ती आता पिवळी पडलीय.

कॉलेज फेस्टिवलला दर वर्षी तीन-चार बँड तरी ह्यांचीच गाणी घ्यायचे. रॅप करायला कोणीही मिळायचा. दुसरा जो आवाज आहे, चेस्टरचा, जो हळू सुरू होतो आणि एकाच श्वासात फाटेपर्यंत वर जातो पण सूर सोडत नाही, तो कोणालाच काढता यायचा नाही, दुसऱ्या गाण्याला पोरांचे गळे बसायचे. तो आवाज काय चीज होती ते आपल्याला असं कळलेलं आहे, स्वतःचा गळा बसवून.

एक गोष्ट मात्र तेव्हा आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत होती. तो गायक पण बँडचा पहिला गायक नव्हता. बँड चालू झाला १९९६ ला, कॅलिफोर्नियात, तेव्हा नाव होतं झिरो, एक्स अक्षराने लिहायचे, आणि गायक दुसराच होता. तो सोडून गेला, मग १९९९ ला ॲरिझोनाहून हा आला, आणि लिंकिन पार्क हे नाव तर त्याच्या पण नंतर पडलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चाहत्यांची भांडणं पण २०२४ ला नव्याने सुरू झालेली नाहीत. २००७ च्या अल्बमला लोक म्हणाले रॅप कुठे गेला, २०१० च्या अल्बमला म्हणाले गिटार कुठे गेली, मग २०१४ ला गिटार परत आणली तर म्हणाले फार आवाज झाला. सगळ्यात वाईट झालं २०१७ ला. फेब्रुवारीत एक सिंगल, म्हणजे अल्बमच्या आधी सुटं काढलेलं गाणं, आलं, एकदम पॉप, पाहुणी गायिका वगैरे, आणि काय काय बोलले नाहीत लोक. विकले गेले, संपले, घरी बसा. मी पण लिहिलं होतं असलं काहीतरी. अल्बम मे मध्ये आला आणि २० जुलै २०१७ ला तो माणूस गेला, ४१ व्या वर्षी. त्यानंतर तेच फेब्रुवारीतलं गाणं परत ऐकताना शब्द वेगळेच ऐकू यायला लागले. ते जे टोचतंय ना, ते २०२४ च्या प्रतिक्रियांत आहे, दोन्ही बाजूंच्या. एक बाजू म्हणते आता परत शिव्या नको, एकदा देऊन बघितल्यात. दुसरी म्हणते त्याला शेवटी जे मिळालं नाही ते निदान आता देऊ, त्याची जागा तरी राखू.

आणि जागा म्हणजे खरोखरची जागा. २७ ऑक्टोबर २०१७ ला लॉस एंजेलिसच्या ‘हॉलिवूड बोल’ या खुल्या थिएटरमधे श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, त्यात एका गाण्याला स्टेजवर नुसता माइक ठेवला होता, त्याच्यावर लाइट, आणि गाणं पूर्ण पब्लिकने म्हटलं. ते ज्याने बघितलंय त्याच्या डोक्यात तो मोकळा माइक बसलाय. बँडने तेव्हा शब्द काही दिला नव्हता, पण लोकांनी तो शब्द म्हणूनच घेतला.

आता मुख्य घोळ. ‘कमबॅक सिंगल’ नक्की कुठलं? सगळीकडे सप्टेंबर २०२४ च्या गाण्याला, म्हणजे ‘द एम्प्टिनेस मशीन’ला, कमबॅक सिंगल म्हटलं जातं. आपल्याकडच्या बातम्यांत पण ‘सात वर्षांनी पुनरागमन’. पण त्या सात वर्षांत हे लोक गप्प बसलेले नव्हते. २०२० ला पहिल्या अल्बमला २० वर्षं झाली तेव्हा १९९९ च्या सुमाराचा एक जुना डेमो बाहेर काढला. मग फेब्रुवारी २०२३ ला दुसऱ्या अल्बमच्या २० वर्षांचं निमित्त, आणि ‘लॉस्ट’ आलं. हे गाणं त्या अल्बमच्याच वेळचं, पूर्ण झालेलं, पण त्यातल्याच दुसऱ्या एका मोठ्या गाण्याच्या फार जवळ जातंय म्हणून बाजूला ठेवलेलं. म्हणजे हार्ड डिस्कवर वीस वर्षं पडून, आणि आवाज चेस्टरचा, २५-२६ वर्षांचा, ताजा. ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी मी ठाण्याहून दादरला उतरायचं ते सीएसएमटीपर्यंत गेलो, उठताच आलं नाही. आणि मग फेब्रुवारी २०२४ ला अजून एक, ‘फ्रेंडली फायर’, २०१७ च्या अल्बमच्या वेळचं उरलेलं, एप्रिलमधे आलेल्या निवडक गाण्यांच्या संग्रहात ते घातलं.

म्हणजे बघा, माणूस गेला २०१७ ला, पण त्याचा आवाज नवीन गाण्यांतून फेब्रुवारी २०२४ पर्यंत येत होता. आणि सप्टेंबर २०२४ ला त्याच नावाखाली दुसरा आवाज. सात वर्षांचा गॅप बँडच्या बाजूने होता, ऐकणाऱ्याच्या बाजूने गॅप सात महिन्यांचा. माझ्या मते भांडणाचं मूळ ह्यात आहे आणि हे कोणी नीट मांडत नाही. ज्यांच्यासाठी २०१७ लाच निरोप झाला होता ते सप्टेंबरला तयार होते. ज्यांना ‘लॉस्ट’ने परत सुरुवातीला नेऊन ठेवलं होतं त्यांचं सुतक फिटलंच नव्हतं. एकाच घरात दोन भावांचं असं होऊ शकतं, मी बघितलंय.

त्यात भर म्हणजे संग्रह बाजारात आला तेव्हा नव्या गाण्यांवर काम आधीच चालू होतं, फक्त सांगितलं कोणाला नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी शंभर तासांचं उलटं घड्याळ लावलं, लोक रात्र-रात्र जागून शून्य व्हायची वाट बघत बसले, आणि शून्य झाल्यावर घड्याळ पुढे मोजायला लागलं, बस. नंतर अल्बमचं नाव आलं ‘फ्रॉम झिरो’ आणि डोक्यात प्रकाश पडला, शून्यापासून पण आणि त्या पहिल्या नावापासून पण. माझ्यासाठी हे उत्तर पुरेसं होतं. आमच्याकडे गायक एकदा आधी बदलला होता, तेव्हापासूनच तर सगळं सुरू झालं, असं बँडवाले सांगत होते. पण चिडलेल्या माणसाला कोडं घालून समजावता येत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

नाव ठेवायचं की बदलायचं, ह्यावर तर अजून वाद आहे. उदाहरणं दोन्हीकडची देतात. एसी/डीसीचा गायक फेब्रुवारी १९८० ला गेला आणि जुलैला नव्या गायकासकट अल्बम आला, तोच त्यांचा सगळ्यात मोठा ठरला, नाव तेच. क्वीनवाल्यांनी मात्र नव्या गायकाचं नाव अधिक चिन्ह लावून पुढे जोडलं. आपल्याकडे नाटकवाल्यांनी हे फार आधी सोडवलंय. मुख्य नट बदलला की पेपरातल्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ लिहितात, लोक येतात, मनात तुलना करतात, कधी नवा नट भूमिका स्वतःची करून टाकतो, कधी शंभर प्रयोग पण होत नाहीत. पण जाहिरातीत आधी लिहिलेलं असतं, तिकीट काढणाऱ्याला माहीत असतं. इथे पडदा उघडल्यावर कळलं. गाण्यात पहिल्या ध्रुवपदापर्यंत नव्या गायिकेला मागे ठेवलं ही रचना म्हणून सुंदर गोष्ट आहे, जुना ओळखीचा आवाज हात धरून दारापर्यंत नेतो आणि मग दार उघडतो. तरी काहींना ते फसवल्यासारखं वाटलं आणि त्यांना मी खोटं म्हणणार नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मूळ ड्रमर परत आला नाही, त्याच्या जागी नवा घेतला. गिटारवाला बँडमध्ये आहे पण टूरला जात नाही. नव्या गायिकेवर पहिल्या दोन दिवसांतच टीका झाली, काही वर्षांपूर्वी एका गंभीर खटल्याच्या सुरुवातीला ती आरोपीच्या बाजूने कोर्टात बसली होती म्हणून. तिने लगेच जाहीर सांगितलं की माणूस ओळखायला आपली चूक झाली आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणं नाही. काहींना तेवढं पुरलं, काहींना नाही. जुन्या गायकाच्या घरातून पण उघड नाराजी आली. हे विषय गाण्यापासून वेगळे आहेत पण वादात सगळं एकाच पातेल्यात पडलं, आणि ती बाई आहे म्हणून जे घाणेरडं लिहिलं गेलं ते पण त्यातच मिसळलं.

गाणं चाललं, हे मान्य करायला लागतं. ब्रिटनच्या चार्टवर चौथ्या नंबरपर्यंत गेलं, अमेरिकेत एकविसाव्या. अल्बम १५ नोव्हेंबर २०२४ ला आला. टूरच्या पहिल्या यादीत आशियातून फक्त सोल होतं, तेव्हा इथे लोक नाराज झाले, जुन्या गायकासोबत पण हा बँड भारतात कधी आला नव्हता ना. मग महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या जानेवारी २०२६ च्या फेस्टिवलच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर आलं, आणि ग्रुपवर पहिला प्रश्न पडला तो तिकिटाचा नाही, जुनी गाणी पण नवी गायिकाच गाणार का हा.

मंडपातल्या पाचांपैकी तिघांनी तिकिटं काढायचं ठरवलं, त्यात गप ऐका म्हणणारा आहे आणि मी आहे. ब्रश ठेवून बाहेर गेला होता तो नाही म्हणाला. त्याच्याकडे कॅसेट प्लेयर अजून चालू स्थितीत आहे, त्याचा पट्टा त्याने गेल्या वर्षी लॅमिंग्टन रोडवरून बदलून आणला.