वाळवंटातील तलावावरची दीपगृहे

अमेरिकेतील ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांच्या सीमेवर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, कोलोरॅडो नदीच्या पाण्याने भरलेला हवासू नावाचा तलाव आहे. सभोवार उघडे खडक, निवडुंग आणि वाळवंटी डोंगर आहेत. अशा या तलावाच्या काठावर पंचवीसहून अधिक दीपगृहे उभी आहेत. अमेरिकेच्या किनाऱ्यांवरील आणि उत्तरेकडील महासरोवरांवरील प्रसिद्ध दीपगृहांच्या या साधारण एक-तृतीयांश आकाराच्या प्रतिकृती आहेत. छायाचित्रात पाहिल्यावर त्या एखाद्या उद्यानातील शोभेच्या वस्तू वाटतात. परंतु रात्री त्यांचे दिवे लागतात आणि होड्या चालवणारे लोक त्यांच्या आधाराने वाट काढतात. तटरक्षक दलाच्या निकषांना धरून बांधलेली ही खरीखुरी नौकानयन-साधने आहेत आणि ती उभारण्याचे काम तेथील हौशी नागरिकांच्या एका मंडळाने लोकवर्गणीतून व श्रमदानातून केले आहे.

तलावाला दीपगृह कशाला हवे, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर तलावाच्या रचनेत आणि आपल्या डोळ्यांच्या मर्यादांत आहे. १९३४ ते १९३८ या काळात बांधलेल्या पार्कर धरणामुळे नदीचे खोरे पाण्याखाली गेले आणि जुन्या डोंगरांच्या सोंडा, टेकाडे व घळी यांचा वेडावाकडा काठ तयार झाला. पूर्व काठावर पुढे लेक हवासू सिटी हे शहर वसले, तर पश्चिम काठाचा बराच भाग आजही अंधारात असतो. येथील उन्हाळा भयंकर असतो. २९ जून १९९४ रोजी या शहरात ५३.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि तो ॲरिझोना राज्याचा उच्चांक आहे. अशा ठिकाणी दिवस कलल्यावर पाण्यावर जाण्याचा मोह स्वाभाविक आहे. मात्र काळोख्या पाण्यावर डोळ्याला अंतर जोखण्यासाठी काहीच आधार मिळत नाही. डोंगराची कडा आणि तिची सावली एकमेकींत मिसळून जातात, आणि अंधाराला पुरते सरावण्यासाठी डोळ्यांना लागणारी वीस-तीस मिनिटे शहराच्या एका प्रखर दिव्याकडे पाहताच वाया जातात. वेगाने जाणाऱ्या होडीला अशा वेळी खडकाची जाणीव होते तेव्हा वळण्यास वेळ उरलेला नसतो.

आता आकाराचा प्रश्न पाहू, कारण मला या साऱ्या प्रकरणात तोच सर्वांत मनोवेधक वाटतो. दीपगृह एक-तृतीयांश केले म्हणजे त्याचा उपयोगही एक-तृतीयांश झाला, असे आपण सहज मानतो. पृथ्वीचा गोलावा मात्र निराळा हिशोब मांडतो. दिवा जितका उंच, तितके त्याचे क्षितिज लांब जाते हे खरे, पण ते उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जाते. वातावरणात प्रकाश किंचित वाकतो हे धरून, मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला सुमारे ३.८६ ने गुणले की किलोमीटरमध्ये अंतर मिळते. मेन राज्यातील वेस्ट क्वॉडी हेड या दीपगृहाचे उदाहरण घेऊ. लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा त्याचा मनोरा सुमारे १५ मीटर उंच असून त्याची प्रतिकृती हवासूच्या काठी आहे. एक-तृतीयांश प्रमाण धरल्यास दिवा ५ मीटरांवर येतो आणि त्याचे क्षितिज साधारण ८.६ किलोमीटरांवर पडते. होडीतील माणसाचा डोळा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल, तर त्याच्या बाजूचे ४.७ किलोमीटर त्यात मिळवावे लागतात. एकूण तेरा किलोमीटरांहून अधिक अंतरावरून, मध्ये टेकडी आडवी नसेल तर, तो दिवा दिसू शकतो. हवासू तलावाची रुंदी कोठेही याच्या जवळपास जात नाही. थोडक्यात, या पाण्याला जेवढी उंची हवी, तेवढी या छोट्या मनोऱ्यांत आहे.

दिव्याच्या तेजाचेही तसेच आहे. अंतर दुप्पट झाले की डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश चौथाईवर येतो, आणि हवेतील बाष्प व धूळ त्यातला आणखी काही भाग गिळतात. मेनचा किनारा दाट धुक्यासाठी कुप्रसिद्ध आहे, म्हणून १८५८ मध्ये बांधलेल्या वेस्ट क्वॉडी हेडच्या सध्याच्या मनोऱ्यात फ्रेनेल भिंग आहे. काचेच्या लोलकांची कडी रचून विखुरणारा प्रकाश एका पट्ट्यात आणण्याची ही युक्ती ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकाच्या आरंभी साधली. वाळवंटातील कोरड्या, स्वच्छ हवेला आणि काही किलोमीटरांच्या अंतराला एवढ्या खटाटोपाची गरज नसते. तेथे लहान दिवाही पुरतो.

केवळ प्रकाश दिसणे मात्र पुरेसे नाही. तो कोणता प्रकाश आहे हे कळले पाहिजे. मागे शहराचे शेकडो दिवे तेवत असताना आणखी एक स्थिर दिवा त्यांतच हरवतो, लुकलुकणारा दिवा चटकन वेगळा पडतो. म्हणून प्रत्येक दीपगृहाला आपली ठरावीक लय असते. मेनमधील मूळ दीपगृहाचा दिवा दोन सेकंद पेटतो, दोन सेकंद विझतो, पुन्हा दोन सेकंद पेटतो आणि मग नऊ सेकंद अंधार राहतो. या लयीतही एक शास्त्रीय अडचण दडलेली आहे. झोत फार आखूड असेल तर डोळ्याला तो प्रत्यक्षापेक्षा मंद भासतो. ब्लाँडेल आणि रे या फ्रेंच संशोधकांनी १९११ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, सेकंदाच्या पाचव्या भागाएवढाच टिकणारा झोत तेवढ्याच तेजाच्या स्थिर दिव्याच्या निम्माच उजळ वाटतो. दिवसा दिव्याचा उपयोग नसतो, तेव्हा मनोऱ्याचे रंग आणि पट्टे ओळख देतात.

हवासूवरील मांडणीमागे एक सुबक कल्पना आहे. पूर्व काठावर सर्वसाधारणपणे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दीपगृहांच्या प्रतिकृती आहेत, पश्चिम काठावर पश्चिम किनाऱ्यावरील, आणि तलावातील बेटाभोवती महासरोवरांवरील. ज्याला आपल्या देशाचा नकाशा ठाऊक आहे, त्याला पट्टे पाहूनच आपण कोणत्या काठाजवळ आहोत याचा अंदाज येतो.

हे बेटही माणसानेच घडवलेले आहे. रॉबर्ट मॅक्‌कलॉक या उद्योजकाने १९६८ मध्ये लंडनचा १८३१ सालचा जुना पूल २४,६०,००० डॉलरना विकत घेतला, त्याचे दगड येथे आणून काँक्रीटच्या सांगाड्यावर चढवले, आणि मग पुलाखालून कालवा खोदल्यामुळे तेथील भूशिराचे बेट झाले. पूल १९७१ मध्ये खुला झाला. प्रवासी पूल पाहण्यासाठी येतात, पण मला स्वतःला त्याहून ही दीपगृहे अधिक मोलाची वाटतात, कारण ती आजही रोज रात्री आपले मूळ काम करतात.

त्यांचे हे काम तलावाच्या एका गुणामुळेच शक्य होते. हवासूमधून मोठ्या कालव्यांसाठी पाणी उपसले जात असल्याने त्याची पातळी साधारण दीड मीटरच्या टप्प्यात राखली जाते. याच नदीवर वरच्या अंगाला असलेल्या लेक मीडची पातळी मात्र २००० ते २०२२ या काळात सुमारे ५० मीटरांनी खाली गेली आणि काठ दूर सरकला. अशा तलावाच्या काठी पक्का मनोरा बांधला तर काही वर्षांत तो पाण्यापासून लांब, कोरड्या उतारावर उभा राहील आणि त्याचा दिवा चुकीच्या जागेची खूण सांगेल. हवासूच्या काठावरील दिव्याची जागा कायम राहते, आणि होडी चालवणाऱ्याला तेवढीच खात्री हवी असते. एक ओळखीचा दिवा कोणत्या दिशेला आहे हे पाहिले की आपण नकाशावरील एका रेषेवर आहोत हे कळते. दुसरा ओळखीचा दिवा मिळाला की दुसरी रेषा मिळते, आणि त्या दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे आपली होडी असते.