धूरहीन दारूचे जुने साठे व भार-तक्ते

रिकाम्या पुंगळीत नवी टोपी (आघाताने पेटून दारू पेटवणारा भाग), मोजून घेतलेली दारू आणि गोळी बसवून काडतूस पुन्हा तयार करणे म्हणजे पुनर्भरण. अमेरिकेत हा छंद दुसऱ्या महायुद्धानंतर विशेष फोफावला. त्या पिढीचे दारूचे डबे आता वारसांच्या हाती येत आहेत. अशा डब्यातील दारूचा सुरक्षित भार (एका काडतुसात भरायचे दारूचे वजन) किती, हे डब्यावरील नावावरून ठरत नाही. ती कोणाची, कोणत्या काळातील आणि कोणत्या दर्जाची, हे आधी पाहावे लागते.

भार ग्रेनमध्ये मोजतात (१ ग्रेन = सुमारे ६४.८ मिलिग्रॅम). तक्त्यातील आकडा विशिष्ट गोळी, पुंगळी, टोपी व दारू यांच्या जोडणीपुरताच खरा असतो. लष्करी कारखान्यांत दारूची प्रत्येक खेप स्वतंत्रपणे तपासून तिचा भार ठरवला जाई, त्यामुळे खेपेखेपेतील ज्वलनवेगाचा फरक तेथे अडचणीचा नव्हता. किरकोळ विक्रीची दारू मात्र मिश्रण करून ठरलेल्या मर्यादेत आणावी लागते, कारण घरी भरणाऱ्याकडे दाब मोजण्याचे साधन नसते. युद्धोत्तर शिलकी दारू या दोन व्यवस्थांच्या मधे पडली.

‘४८३१’ हे याचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण. ड्यू पाँट या अमेरिकन रसायन कंपनीची ही मंदज्वलनशील दारू महायुद्धात २० मिमी तोफांच्या काडतुसांसाठी वापरली जाई. युद्धानंतर कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन यांनी शिलकी साठे विकत घेतले; ‘४८९५’ ही दुसरी दारू आधी विकली गेली, ‘४८३१’ नंतर. हा साठा सरत आल्यावर हॉजडनने त्याच क्रमांकाची नवी दारू (‘एच ४८३१’) स्कॉटलंडमध्ये करून घेतली; पुढे तिचे उत्पादन ऑस्ट्रेलियात गेले. दरम्यान १९७३ च्या सुमारास ड्यू पाँटने ‘आयएमआर ४८३१’ बाजारात आणली. ती हॉजडनच्या दारूपेक्षा शीघ्र जळते. म्हणून ‘एच ४८३१’चा कमाल भार तिला लावल्यास दाब धोकादायक होऊ शकतो. जुन्या डब्यावर नुसते ‘४८३१’ असेल, तर किमान तीन दारूंपैकी ती कोणती, हा प्रश्न उरतो. शिलकी माल नव्यापेक्षा काहीसा मंद होता, असे अनेक जुने नेमबाज मानतात. इतरांच्या मते हा फरक खेपेखेपेतील फरकाहून मोठा नव्हता. शिलकी मालाचे स्वरूप पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात तेही जुन्या तक्त्यांवर विसंबण्यास अनुकूल नाही.

तक्ते डब्याच्या काळातलेच असावेत, पण तेवढ्याने भागत नाही. पूर्वी दाब तांब्याचा दंडगोल किती चेपला यावरून मोजत. आता दाबविद्युत् संवेदक वापरतात. दोन्ही आकडे परस्परांत सरळ रूपांतरित होत नाहीत. उदा., .३०-०६ स्प्रिंगफील्ड या रायफल-काडतुसाची कमाल मर्यादा पहिल्या पद्धतीत ५०,०००, दुसऱ्यात ६०,००० पौंड प्रति चौ. इंच धरतात. शिवाय कित्येक जुने तक्ते दाब न मोजताच, टोपी किती चपटली हे पाहून केले होते. तक्त्यातील किमान भारापासून सुरुवात करणे हा सर्वमान्य संकेत आहे. मात्र त्या किमानाखाली उतरू नये: मंद दारूच्या अतिकमी भारानेही बंदुका फुटल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, जरी त्यामागच्या यंत्रणेविषयी एकमत नाही.

ओळख पटली तरी दारू टिकलेली असावी लागते. धूरहीन दारूचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होतो; बाहेर पडणारे नायट्रोजनचे ऑक्साइड ते विघटन आणखी वाढवतात. डायफेनिलअमाइनसारखे स्थिरक हे ऑक्साइड शोषून घेतात आणि कालांतराने संपतात. आंबट, झोंबरा वास, तांबूस धूर किंवा गंजासारखी भुकटी दिसल्यास कोणताही तक्ता निरर्थक ठरतो. तूलाँ बंदरातील ‘येना’ (१९०७) व ‘लिबेर्ते’ (१९११) या फ्रेंच युद्धनौकांचे स्फोट बिघडलेल्या ‘पूद्र बे’ या फ्रेंच धूरहीन दारूमुळे झाले, असे सामान्यतः मानले जाते. निश्चित ओळख नसलेली, उघड्या वा बदललेल्या डब्यातील दारू वापरू नये, नष्ट करावी.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना लागतो.