‘उन्हाळी लागली’ : लघवीच्या तक्रारी ओळखण्यामागची पार्श्वभूमी

माझी आत्या बडोद्यात दांडिया बाजारात राहते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिला लघवीला जळजळ सुरू झाली आणि ती जवळच्या दवाखान्यात जाऊन म्हणाली, “मला उन्हाळी लागलीय.” मराठीत लघवीच्या जळजळीलाच उन्हाळी म्हणतात. डॉक्टर तरुण, गुजराती. गुजरातीत ‘उनाळो’ म्हणजे उन्हाळा. ऊन बाधलं असावं असं समजून त्यांनी ताक प्यायला आणि दुपारी बाहेर न पडायला सांगितलं. आत्याने पुढे काही बोलायचा प्रश्नच नव्हता, तिच्या मते तिचं सगळं सांगून झालं होतं. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, उजव्या कुशीत दुखू लागलं, उलट्या झाल्या. जंतुसंसर्ग मूत्राशयातून मूत्रपिंडापर्यंत चढला होता. पाच दिवस सलाईनवर काढावे लागले.

त्याच डॉक्टरांना तिने ‘पेशाबमां बळतरा’ (लघवीत जळजळ) म्हटलं असतं, तर निदान लघवी तपासली गेली असती. एका शब्दावर इतकं अडू शकतं, म्हणून ही लक्षणं ओळखायची रीत कशी घडत आली हे पाहावंसं वाटलं.

आपल्याकडे ती रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मूत्रकृच्छ्राचे 8, मूत्राघाताचे 12 आणि अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, 4 प्रकार सांगितले आहेत. आकड्यांपेक्षा त्यामागचा भेद मला मोलाचा वाटतो. कृच्छ्र म्हणजे लघवी होते पण त्रास देत होते, आघात म्हणजे ती अडते. दुखतंय की तुंबतंय, हा प्रश्न आजही पहिल्या दोन-चार प्रश्नांत असतो. मुतखड्याचं वर्णन तर रोग्याशेजारी बसून लिहिल्यासारखं आहे: बेंबी, ओटीपोट आणि शिवणीपाशी (जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात) वेदना, धार मध्येच तुटणे, रक्त येणे, लघवी गढूळ किंवा वाळू मिसळल्यासारखी होणे, आणि धावताना, उडी मारताना, पोहताना, घोड्यावर बसताना कळ वाढणे. कुठे दुखतं एवढ्यावर न थांबता कशाने वाढतं हेही नोंदवलेलं आहे.

पुढे सतराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘योगरत्नाकर’ ग्रंथात मूत्रपरीक्षा रोग्याच्या आठ परीक्षांपैकी एक म्हणून येते. रात्र संपायला चार घटका (सुमारे दीड तास) उरल्या असताना रोग्याला उठवावं, पहिली धार सोडून द्यावी, मधली काचेच्या भांड्यात धरावी, मग त्यात तेलाचा थेंब टाकून तो कसा पसरतो ते पाहावं. थेंबाच्या आकारावरून रोगी वाचेल की नाही हे सांगणं आजच्या कसोटीला उतरत नाही, आणि ते स्पष्ट म्हटलेलं बरं. पण पहाटेची वेळ आणि मधली धार या दोन गोष्टी पॅथॉलॉजीच्या खिडकीतून प्लास्टिकची डबी हातात देताना आजही सांगितल्या जातात. कारण मात्र बदललं आहे: पहिल्या धारेबरोबर बाहेरच्या त्वचेवरचे जंतू वाहून जातात आणि उरलेला नमुना आतली खरी हकिगत सांगतो.

युरोपातही काचेच्या बुधल्यात लघवी धरून रंगावरून निदान करणारे वैद्य शतकानुशतकं होते. वळण आलं ते लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांच्यापासून. अंगावर सूज असलेल्या रोग्याची थोडी लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची. अंड्याच्या पांढऱ्यासारखी ती घट्ट होऊ लागली, तर तिच्यातून प्रथिनं जात आहेत. अशा रोग्यांच्या मृत्यूनंतर त्यांनी मूत्रपिंडं उघडून पाहिली, ती बिघडलेली आढळली, आणि 1827 मध्ये त्यांनी ही सांगड छापून मांडली. चेहऱ्यावरची सूज आणि फेसाळ लघवी एकत्र दिसली की मूत्रपिंडाची शंका घ्यायची, ही सवय तिथून पक्की झाली. चमच्याचं काम करणाऱ्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या 1956-57 च्या सुमारास बाजारात आल्या.

थिओडोर एशरिश यांनी 1885 मध्ये वर्णन केलेला ई. कोलाय हा आतड्यातला जंतूच बहुतेक मूत्रसंसर्गांचा कर्ता निघाला. एडवर्ड कास यांनी 1956 मध्ये सीमारेषा दिली: एका मिलिलिटरमध्ये 1 लाख किंवा जास्त जंतू असतील तर तो संसर्ग धरावा. आकडा सोयीचा होता, म्हणून रुजला. पण पुढे दिसलं की जळजळ आणि घाई असलेल्या बायकांत याहून पुष्कळ कमी जंतूही खरा संसर्ग करतात. उलट अनेक वृद्धांच्या लघवीत जंतू सापडतात, तक्रार काहीच नसते आणि औषधाचीही गरज नसते. गरोदर बाई मात्र अपवाद; तिला त्रास नसला तरी उपचार करतात, नाहीतर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाण्याचा धोका असतो. अहवाल हातात घेऊन रोग्याला पुन्हा विचारावंच लागतं, ते यासाठी.

विचारायच्या प्रश्नांत एक प्रश्न बडोदेकरांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांच्या राज्यात त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झालं आणि तिथे रंगाईचं रसायनशास्त्र शिकवलं जाऊ लागलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1895 मध्ये, जर्मनीत लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना झालेले मूत्राशयाचे कर्करोग नोंदवले. लघवीतून न दुखता रक्त आलं, एकदाच आलं आणि थांबलं, तरी “काय काम करता? किती वर्षं?” हे विचारायचं, याची मुळं तिथे आहेत; तंबाखू-विडीचंही विचारतात. बडोद्याच्या आजूबाजूला आज रसायनांचे किती कारखाने आहेत हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दुखत नाही म्हणून घरी बसलेला माणूस मला सर्वांत जास्त काळजीत टाकतो.

बाकीच्या तक्रारींना, म्हणजे वारंवार जावं लागणे, घाई, धार बारीक होणे, कुंथावं लागणे, रात्री उठणे यांना, मोजायची पट्टी मिळायला 1992 उजाडलं. अमेरिकेत प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) रोग्यांसाठी सात प्रश्न ठरवले गेले, प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 35. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. त्यात जळजळीचा प्रश्नच नाही, त्यामुळे संसर्ग ओळखायला ती पट्टी कामाची नाही. ‘वयच झालंय’ म्हणून गप्प राहणाऱ्या आजोबांच्या त्रासाला मात्र तिने आकडा दिला.

आत्याला सहा महिन्यांत दुसऱ्यांदा संसर्ग झाला, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी तिला तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली: किती वाजता, किती पाणी प्यायलं, किती वाजता लघवी, किती झाली. तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने रकाने आखले आणि स्वयंपाकघरातलं एक जुनं मापाचं भांडं मोरीत नेऊन ठेवलं. तिन्ही दिवशी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा हे रकाने कोरे होते. त्या वेळात ती मांडवीजवळच्या दुकानात बसते. तिथे बायकांना जायला जागा नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही.