धामनोदला वाढलेली हवा

मोटारसायकलवर इंदूरहून नाशिकला निघालेल्या भाच्याचा फोन आला तो घाटाखालच्या धामनोदहून. पहाटे इंदूरला, लोकमान्य नगरातल्या आमच्या अंगणात मागच्या टायरमध्ये ३२ पॉइंट (म्हणजे पीएसआय) हवा होती. गेजवर आम्ही दोघांनी पाहिली होती. घाट उतरून गेल्यावर तीच हवा ३७ दाखवत होती. पंक्चरवाला म्हणत होता, "हवा ज्यादा है भैया, पाँच पॉइंट निकाल दूँ?"

"मामा, काढू का?"

"मुळीच काढू नकोस. गाडी सावलीत लाव आणि आधी पाणी पी."

टायरमध्ये कोणी हवा भरली नव्हती. रस्त्यावर फिरताना टायरचा प्रत्येक भाग जमिनीला टेकला की चपटा होतो आणि उचलला की पुन्हा फुगतो. रबर दाबायला लागलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही उष्णता म्हणून आतच राहते. त्यात मे महिन्यातलं डांबर. पहाटे २७ अंशांवर असलेली आतली हवा ६० अंशांच्या वर गेली, की बंद जागेतला तिचा दाब त्याच प्रमाणात वाढणार. हे प्रमाण केल्व्हिन तापमानाचं (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून येणारं), आणि दाबातही बाहेरच्या वातावरणाचे साधारण १४.७ पॉइंट मिळवायचे. हिशेब केला तर ३२ चे बरोबर ३७ होतात. कंपनीने साखळीच्या कव्हरजवळ चिकटवलेला आकडा थंड टायरचा असतो, ही वाढ गृहीत धरूनच दिलेला. गरम टायरमधून पाच पॉइंट काढले तर दुसऱ्या दिवशी पहाटे २७ उरतात. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि सामान लादलेल्या गाडीवर शेवटी फुटतो. म्हणून हवा घरूनच, गाडी हलवण्याआधी बघावी. तेव्हाच टायरच्या बाजूवरचे चार अंकही वाचावेत. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं. लांबच्या प्रवासाला मी ते नेणार नाही.

मोटारसायकलवर लांब जायचं तर तयारी मुख्यतः उष्णतेची करावी, असं माझं मत आहे. टायरनंतर तिचा मुक्काम ब्रेकमध्ये.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आणि खलघाटचा नर्मदेवरचा पूल दीडशेच्या आसपास. मानपूरनंतर विंध्य उतरताना गाडी, भाचा आणि सामान मिळून २६० किलो वजन ४०० मीटर खाली येतं. त्यातून सुटणारी ऊर्जा सुमारे दहा लाख जूल, म्हणजे तीन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. वाऱ्याने खाल्ली नाही तेवढी ती इंजिनात नाहीतर ब्रेकमध्ये जायलाच हवी. याच उतारावरच्या गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात इंदूरकरांना सांगायला नकोत. कारण तेच.

डिस्क ब्रेकमधलं ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ४ ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेशी ओल धरली की ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. ऑईल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे लिव्हर मुठीत येतो आणि चाक मात्र थांबत नाही. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदला, हे म्हणूनच. आणि घाट चढायला जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये उतरा. मग बरीचशी ऊर्जा इंजिन घेतं, आणि ती बाहेर टाकायला त्याला धातूच्या पात्या (फिन्स) दिलेल्या आहेत. क्लच दाबून घरंगळत जाणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणं.

तिसरी जागा आपलं अंग. इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण गाडी तपासणारे खूप असतात.

आपल्या त्वचेचं तापमान ३३ ते ३५ अंश. घाटाखालच्या निमाड भागात मे महिन्यात दुपारची हवा ४२-४३ असते. अशा वेळी वारा अंगाला गार करत नाही, उलट उष्णता देतो. वाचवतो तो फक्त घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे २४ लाख जूल घेऊन जातो, आख्ख्या घाटाच्या दुपटीहून जास्त! पण ताशी ८० च्या वाऱ्यात घाम इतका झटकन वाळतो की तो आलेला कळतच नाही, आणि तहान उशिरा लागते. अर्धी बाही घालून निघणाऱ्यांना वाटतं आपण मोकळे आहोत. अंग पूर्ण झाकून, आतला सुती शर्ट दर थांब्यावर ओला करून पाहा, फरक तासाभरात जाणवेल.

नुसतं पाणीही पुरत नाही. आतड्याच्या भिंतीतून मीठ आणि साखर जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे ओढलं जातं. ओआरएस याच तत्त्वावर चालतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

बाकीचं थोडक्यात. साखळीची ढील मालक-पुस्तिकेतल्या आकड्याशी मोजून घ्या. जड सामान खाली आणि सीटच्या जवळ बांधा. मागच्या चाकाच्याही मागे लटकलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं. आणि दुपारी दोन ते चार शरीराचं घड्याळच झोप मागतं, जेवण हलकं असलं तरी. तेवढा वेळ झाडाखाली काढा.

भाच्याने पहाटे साडेचारला निघायचं ठरवलं होतं. पोहे-जलेबी आणि आजीच्या सूचनांत साडेआठ वाजले. नाशिकला पोचायला रात्र झाली, पण नीट पोचला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा मेसेज आला, "मामा, हवा ३१ झाली. लीक आहे का?"

मी विचारलं, तिथे गारवा किती आहे?

"बावीस अंश." मग थोड्या वेळाने, "अच्छा, कळलं."